थेंबभर रक्त, जन्मभराची दृष्टी

डोळ्याच्या पडद्याला मिनिटाला जेमतेम थेंब-दीड थेंब रक्त मिळते. ते कमी पडू न देण्याचा आणि जास्तही होऊ न देण्याचा कारभार तिथल्या केसाहून बारीक वाहिन्या स्वतःच पाहतात. हा कारभार बिघडू लागतो, तेव्हा नजर मात्र अगदी ठणठणीत असते. धोका आहे तो इथेच.

पावसाळा सरला, आभाळ निवळले, की एखाद्या सकाळी सूर्याकडे पाठ करून निळ्याभोर आकाशाकडे टक लावून पाहावे. काही सेकंदांतच एक गंमत दिसू लागते. लहान लहान चमकदार ठिपके नागमोडी वाटांनी सरसर धावतात, क्षणभर दिसतात आणि नाहीसे होतात. नीट लक्ष दिले, तर नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यांना थोडा वेग आल्याचेही जाणवते. पुष्कळांना वाटते, अशक्तपणा आला असावा किंवा चष्म्याचा नंबर वाढला असावा. प्रत्यक्षात तसे काही नसते. हे ठिपके म्हणजे आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी! डोळ्याच्या पडद्यावरच्या अतिसूक्ष्म केशवाहिन्यांमधून त्या धावत असतात.

रक्तातल्या लाल पेशी निळा प्रकाश शोषून घेतात. पांढरी पेशी मात्र तो अडवत नाही. त्यामुळे लाल पेशींच्या रांगेत एखादी पांढरी पेशी आली, की तेवढ्या जागी प्रकाशाला वाट मिळते आणि चमकता ठिपका पळताना दिसतो. नजरेच्या अगदी मधोमध मात्र एकही ठिपका फिरकत नाही. तिथे, पडद्याच्या केंद्रभागी, सुमारे अर्धा मिलिमीटर जागेत केशवाहिन्याच नसतात. सर्वांत तीक्ष्ण दृष्टी असलेल्या जागेत रक्तवाहिन्यांची आडकाठी नको, अशी निसर्गाची ही सोय आहे.

मात्र डोळ्यांपुढे संथपणे तरंगणारे काळे धागे किंवा जाळे ही वेगळी गोष्ट आहे. ते एकाएकी आणि पुष्कळ दिसू लागले, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

शरीराची खिडकी

शरीरातल्या रक्तवाहिन्या त्वचेच्या आड दडलेल्या असतात. कापाकापी न करता त्या थेट पाहता येतील अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा, म्हणजेच दृष्टिपटल. पण ही खिडकी उघडायलाही शतकानुशतके लागली. डोळ्यात डोकावू पाहणाऱ्याचे डोकेच प्रकाशाच्या आड येई आणि बाहुली काळीच दिसे. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये काचेच्या पट्ट्यांवरून प्रकाश परावर्तित करून डोळ्यात सोडला आणि त्याच काचांतून पलीकडे पाहिले. जिवंत माणसाचे दृष्टिपटल प्रथमच स्पष्ट दिसले. नेत्रतज्ज्ञ आजही जे उपकरण हातात धरून डोळ्यात पाहतात, त्याचा हा पूर्वज होय.

त्यातून दिसते ते दृश्य मोठे देखणे असते. नारिंगी पार्श्वभूमीवर एक फिकट गोल चकती, आणि तिच्यातून झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरत गेलेल्या रक्तवाहिन्या. शुद्ध रक्त आणणाऱ्या रोहिण्या बारीक आणि उजळ, तर रक्त परत नेणाऱ्या नीला थोड्या रुंद आणि गडद. या फांद्या वाटत वाटत जाऊन शेवटी इतक्या अरुंद होतात, की लाल पेशीला अंग मुडपूनच आत शिरावे लागते.

दृष्टिपटल खरे तर मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे आणि भूकही त्याला मेंदूसारखीच. वजनाच्या मानाने शरीरात सर्वांत जास्त प्राणवायू खर्च करणाऱ्या भागांत त्याची गणना होते. त्याला रक्त दोन बाजूंनी मिळते. मागच्या बाजूला कोरॉइड नावाची रक्तवाहिन्यांची जाड गादी असते. डोळ्याला मिळणाऱ्या रक्तापैकी फार मोठा हिस्सा या गादीतून वाहतो आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशींना ती पोसते. पडद्याच्या आतल्या थरांना मात्र पुढून येणाऱ्या त्या फांद्यांवरच भागवावे लागते. निरनिराळ्या संशोधकांच्या मोजमापांनुसार या फांद्यांतून वाहणारे रक्त मिनिटाला सुमारे ४० ते ८० मायक्रोलिटर, म्हणजे थेंब-दीड थेंब एवढेच भरते. जन्मभर जे पाहायचे, ते या शिध्यावर!

आणखी एक नवल म्हणजे दिवे मालवले म्हणून पडद्याला विश्रांती मिळत नाही. प्रकाश टिपणाऱ्या पेशी अंधारात उलट अधिक प्राणवायू खर्च करतात. अंधारात त्यांच्यातून क्षारांचा प्रवाह सतत चालू असतो आणि आत आलेले क्षार बाहेर उपसून काढण्यासाठी शक्ती लागते.

वरून हुकूम नाही

हृदय जोरात धडधडते, राग येतो, थंडी वाजते, तेव्हा मेंदू मज्जातंतूंमार्फत ठिकठिकाणच्या रक्तवाहिन्यांना आकसण्याचा किंवा रुंदावण्याचा हुकूम देतो. दृष्टिपटलाच्या वाहिन्यांना मात्र असा हुकूम पोहोचतच नाही. डोळ्यात शिरेपर्यंत मुख्य रोहिणीला या मज्जातंतूंची सोबत असते. आत शिरल्यावर ती सोबत सुटते. पुढचा सगळा कारभार स्थानिक!

शेताला पाटाचे पाणी देताना दारे धरणारा माणूस काय करतो? एक वाफा भरला, की त्याच्या तोंडाशी माती ओढतो आणि तहानलेल्या वाफ्याचे दार मोडतो. पाटाला पाणी वाढले, तर दार अरुंद करतो. दृष्टिपटलात प्रत्येक वाफ्याशी असा एक माणूस बसवलेला आहे.

त्याला खबर मिळते ती तीन मार्गांनी. पहिला मार्ग दाबाचा. रक्तदाब वाढून वाहिनीची भिंत ताणली गेली, की भिंतीतले स्नायू आपसूक आकसतात. हा गुणधर्म इंग्रज शरीरशास्त्रज्ञ विल्यम बेलिस यांनी १९०२ मध्ये वर्णन केला होता. दुसरा मार्ग रसायनांचा. पेशींनी काम केले, की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि प्राणवायू घटतो, वाहिन्या रुंदावतात. प्राणवायू भरपूर झाला, की त्या आकसतात. तिसरा मार्ग वाहिन्यांच्या आतल्या अस्तराचा. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून वाहिनी सैल करते आणि एंडोथेलिन नावाचे द्रव्य सोडून ती आवळते. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामगिरीचा उलगडा करणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एंडोथेलिनचा शोध १९८८ मध्ये जपानमध्ये लागला.

या व्यवस्थेमुळेच जिना चढून दम लागला किंवा जड बादली उचलली, तरी डोळ्यांपुढे चित्र हलत नाही. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की सरासरी रक्तदाब सुमारे ४० टक्क्यांनी वाढेपर्यंत पडद्याचा रक्तप्रवाह जवळजवळ जागचा हलत नाही. त्यापुढे मात्र बांध फुटू लागतो.

शिट्टीवरून वेग

पण थेंबभर रक्त, तेही जिवंत आणि सतत हलणाऱ्या डोळ्यात, मोजायचे कसे? या प्रश्नाने संशोधकांना बरीच वर्षे झुलवले.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या हॅरल्ड नोव्हॉट्नी आणि डेव्हिड अल्व्हिस या दोन तरुणांनी १९६१ मध्ये एक युक्ती जाहीर केली. दंडाच्या शिरेत चमकणारे पिवळे रंगद्रव्य टोचायचे आणि ते डोळ्यात पोहोचताना झटपट छायाचित्रे घ्यायची. कुठे वाहिनी बंद आहे, कुठे गळते आहे, हे त्यात दिव्यांच्या माळेसारखे उजळून दिसते. ही तपासणी आजही होते.

रक्ताचा वेग मोजण्याची वाट लेसरने दाखवली. फलाटावर उभे असताना आगगाडी जवळ येते तेव्हा तिच्या शिट्टीचा स्वर चढतो आणि ती पुढे निघून गेली की उतरतो. धावत्या रक्तपेशीवर आदळून परतणाऱ्या प्रकाशाचेही तसेच होते. स्वित्झर्लंडचे चार्ल्स रिव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये सशाच्या दृष्टिपटलातला रक्ताचा वेग असा मोजला. दोनच वर्षांत ही पद्धत माणसाच्या डोळ्यावर वापरली गेली. याच रिव्हांनी पुढे १९८० मध्ये निळ्या आकाशातल्या त्या ठिपक्यांनाही कामाला लावले. समोरच्या पडद्यावरचे ठिपके आपल्याला दिसणाऱ्या ठिपक्यांशी जुळेपर्यंत माणसाने बटण फिरवायचे, की त्यावरून केशवाहिन्यांतल्या रक्ताच्या वेगाचा अंदाज निघतो.

मग सुरू झाल्या परीक्षा. स्वयंसेवकांना शुद्ध प्राणवायू हुंगायला दिला, तर काही मिनिटांत पडद्याचा रक्तप्रवाह निम्म्याहूनही कमी होतो; गरजच नाही, तर दारे बंद! व्हिएन्नातल्या संशोधकांनी काही जणांना मांडी आणि पोटरी यांचा जवळजवळ काटकोन होईल असे, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखे, सहा मिनिटे बसवून रक्तदाब वाढवला आणि डोळ्यातला प्रवाह कसा सांभाळला जातो ते पाहिले. सर्वांत उपयोगी ठरली ती लुकलुकणाऱ्या प्रकाशाची परीक्षा. डोळ्यासमोर दिवा भराभर लुकलुकवला, की पडद्याच्या पेशींचे काम वाढते आणि निरोगी डोळ्यातल्या वाहिन्या काही सेकंदांतच थोड्या टक्क्यांनी रुंदावतात. ही साधी परीक्षा पुढे बरेच काही सांगून गेली.

१९९१ मध्ये अमेरिकेत विकसित झालेल्या ओसीटी तंत्राने तर पडद्याचे थर पापुद्र्यांसारखे दिसू लागले. आता रंगद्रव्य न टोचताही केशवाहिन्यांचे जाळे छायाचित्रात उतरते. या तंत्राचे जनक जेम्स फुजिमोटो, डेव्हिड ह्वांग आणि एरिक स्वॉन्सन यांना २०२३ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

बाळांनी दिलेला धडा

प्राणवायू जास्त झाला की वाहिन्या आकसतात, याचा एक फार महागडा धडा पूर्वी मिळाला होता. १९४० च्या दशकात पाश्चात्त्य देशांतल्या उत्तमोत्तम रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांची बाळे पेटीत ठेवून, भरपूर प्राणवायू देऊन वाचवली जात होती. आणि त्यांतली कितीतरी आंधळी होत होती. बोस्टनचे डॉ. थिओडोर टेरी यांनी १९४२ मध्ये या विकाराची पहिली नोंद केली. पण कारण कळेना. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी प्राणवायूकडे बोट दाखवले. लंडनचे डॉ. नॉर्मन अ‍ॅश्टन यांनी मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग करून काय घडते ते उलगडले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्यावर रक्तवाहिन्या अजून पसरत असतात. प्राणवायूचा पूर आला, की त्या आकसतात आणि कायमच्या मिटतात. पुढे बाळाला साध्या हवेत आणले, की उपाशी पडलेला पडदा नव्या वाहिन्यांसाठी आकांत करतो. घाईघाईने वाढलेल्या या वाहिन्या कमकुवत असतात आणि शेवटी पडदाच ओढून सुटा करतात. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने प्राणवायूचा दोष सिद्ध केला, तोवर जगभरात सुमारे १०,००० बाळांची दृष्टी गेली होती, असा अंदाज केला जातो.

आज प्राणवायू मोजून-मापून दिला जातो. तरीही धोका पूर्ण टळलेला नाही. म्हणून आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावेत, असा दंडक आहे. फारच लहान बाळांची तपासणी त्याही आधी करतात. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली, की या तारखेचा विसर पडतो. तो पडता कामा नये.

साखरेचे मूक काम

मोठ्या माणसांत हीच कहाणी सावकाश घडते, आणि तिचा खलनायक असतो मधुमेह.

केशवाहिन्यांना बाहेरून मिठी मारून बसलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी असतात. इतर अवयवांच्या मानाने दृष्टिपटलात त्या फार दाट असतात. या पेशी केशवाहिनीला आकसवू शकतात, असे लंडनच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले. म्हणजे दारे धरणाऱ्यांपैकीच त्या एक. आणि मधुमेहात सर्वांत आधी मरतात त्यांत याच पेशी असतात. हे अमेरिकेतले डेव्हिड कोगन आणि तोइचिरो कुवाबारा यांनी १९६१ मध्येच नोंदवून ठेवले होते.

लुकलुकत्या दिव्याच्या परीक्षेचे महत्त्व इथे कळते. डोळ्यात डोकावून पाहिले तर जवळजवळ काहीच वावगे दिसत नाही, अशा मधुमेहींच्या वाहिन्याही या प्रकाशाला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. तक्त्यावरची शेवटची ओळ रुग्ण घडाघडा वाचतो. पण त्याच्या पडद्याची पाणी वाटण्याची शिस्त बिघडलेली असते. पुढे वाहिन्यांना फुगवटे येतात, त्या गळू लागतात, काही मिटतात. उपाशी पडलेला भाग व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडून नव्या वाहिन्या मागवतो. १९९४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांना मधुमेहींच्या डोळ्यातल्या द्रवात हे प्रथिन वाढलेले आढळले. नव्या वाहिन्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो, तेव्हा कुठे रुग्णाला पहिल्यांदा ‘काहीतरी झाले’ असे वाटते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. २०२२ च्या दुसऱ्या एका देशव्यापी पाहणीत चाळिशी उलटलेल्या मधुमेहींपैकी सुमारे १२.५ टक्के, म्हणजे दर आठांत एकाच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा आढळल्या.

उपाय आहेत, आणि तेही रक्तप्रवाहाच्या याच हिशोबावर चालतात. लेसरने पडद्याच्या कडेच्या भागात बारीक डाग दिले जातात. १९७६ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकन चाचणीत या उपचाराने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटला. जाळल्याने फायदा कसा होतो? आइसलँडचे डॉ. आयनार स्टेफान्सन यांनी त्याची फोड केली. डाग दिलेल्या जागेतल्या खाणाऱ्या पेशी कमी होतात, तेवढा मागच्या गादीतला प्राणवायू उरतो आणि तो आतल्या उपाशी थरांना मिळतो. घरात तोंडे कमी झाली, की धान्य पुरते, तसाच हा प्रकार. व्हीईजीएफला अडवणारी इंजेक्शनेही आता डोळ्यात दिली जातात. मात्र हे सारे उरलेली दृष्टी राखण्यासाठी. गेलेली सगळी परत मिळेलच असे नाही.

साखरेइतकाच रक्तदाबही महत्त्वाचा. १९९८ मध्ये जाहीर झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात, मधुमेहींचा रक्तदाब कसोशीने आटोक्यात ठेवल्यावर पडद्याचा विकार बळावण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. दारे धरणारा आधीच थकलेला असेल, तर पाटाला पूर येऊ न देणे हे आपल्या हाती असते.

दाब उतरतो तेव्हा

दाब फार उतरणेही चांगले नाही. पंजाबात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. सोहन सिंग हायरे यांनी डोळ्याच्या रक्तपुरवठ्याच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. रात्री झोपेत रक्तदाब स्वाभाविकपणे खाली येतो. काहींचा तो इतका उतरतो, की डोळ्याच्या मज्जातंतूला रक्त अपुरे पडून इजा होऊ शकते, याकडे त्यांनी १९९४ मध्ये लक्ष वेधले. काहींची नजर सकाळी उठल्यावर एकाएकी कमी झालेली असते, त्याचे हे एक कारण असू शकते. काचबिंदू असलेल्यांनी किंवा एका डोळ्याला असा झटका येऊन गेलेल्यांनी रक्तदाबाची गोळी कोणत्या वेळी घ्यावी, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. आपल्या मनाने गोळी बंद करणे मात्र साफ चूक.

याच हायरे यांनी माकडांवरील प्रयोगांत दाखवले, की मुख्य रोहिणी पूर्ण बंद झाल्यावर दृष्टिपटल सुमारे ९७ मिनिटे तग धरते. चार तासांनंतर हानी कायमची होते. म्हणून एका डोळ्याने अचानक, न दुखता दिसेनासे झाले, तर ‘झोप झाली की बरे वाटेल’ म्हणून पडून राहू नये. दोन-चार मिनिटांत पुन्हा दिसू लागले, तरी तासाभरातच मोठ्या रुग्णालयात पोहोचावे. कारण तो पक्षाघाताचा पूर्वइशाराही असू शकतो.

घरोघरी करण्याजोगे

प्रौढ वयात मधुमेह झाल्याचे कळले, की त्याच वेळी आणि पुढे निदान वर्षातून एकदा डोळ्यात औषध घालून पडदा तपासून घ्यावा. ‘मला चांगले दिसते’ ही सबब चालत नाही. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस गेले, तर पहिल्या महिन्यांतच ही तपासणी व्हायला हवी. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

तपासणीला दुखत नाही. थेंब घातल्यावर बाहुल्या मोठ्या होतात, तीन-चार तास जवळचे अंधुक दिसते आणि उजेड खुपतो. म्हणून त्या दिवशी स्कूटर घेऊन एकट्याने जाऊ नये, घरातल्या कुणाला तरी बरोबर न्यावे. वर्षातली अर्धी सकाळ जाते, एवढाच काय तो त्रास.